‘परागंदा’ या शेऱ्यापलीकडे

कुळवृत्तांत हा मराठीतील आदरणीय वाङ्मयप्रकार खरा. परंतु जुन्नर-आंबेगावसारख्या, पोटासाठी माणसे बाहेर धाडणाऱ्या प्रांताला तो अपुरा पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. वतन व सनद यांवर त्याची सारी भिस्त. जो मजुरीस दूरदेशी गेला, त्याच्यापुढे बहुधा ‘परागंदा’ एवढाच शेरा! शब्द एक, आणि त्यात दोष गेलेल्याच्याच माथी.

इंग्रजांच्या खाण-उद्योगाचा इतिहासही याच वळणाचा. कोलारच्या सोन्याचा परवाना मायकेल लॅव्हेल याने १८७३ च्या सुमारास मिळविला, १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सने खाणी चालविल्या, कॉर्नवॉलहून जाणते खाणकामगार आले. हे सारे नावानिशी सापडते. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या विवरांत उतरलेला तमिळ वा तेलुगू मजूर मात्र आकड्यातच उरतो. त्याचा नातू शोधणार कोठे?

मॉरिशसचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथे खाणी नव्हत्या, उसाचे मळे होते. तरीही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत करारबद्ध मजुराचे नाव, पित्याचे नाव, गाव व जहाज आढळते; १८६० च्या दशकापासून अनेकांची छायाचित्रेही. मजुरावर नजर ठेवण्यासाठी मळेवाल्यांच्या सरकारने केलेली ही नोंद आमच्या कुळवृत्तांतांहून उदार ठरावी, हे आम्हांस बोचते.

जुन्नरचा हातकागद एके काळी दप्तरांसाठी नावाजलेला होता. नव्या वृत्तांतकारांनी सनदेबरोबर ठेकेदार, बंदर आणि हजेरीपटही धुंडाळावेत.