चित्रातला घाट आणि दाराबाहेरची माणसे

नाशिकची चित्रे पाहताना मला एक प्रश्न सतत छळतो. रामकुंड, देवळांची शिखरे, ओल्या पायऱ्यांवरचे ऊन, सारे त्यांत असते. परंतु २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढे सत्याग्रहाला बसलेली माणसे कुठे गेली? माझ्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. मला घाट दिसतो तो त्या बंद दारासकट.

त्याच १९३० साली अमेरिकेत, नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात, आरन डग्लस या काळ्या चित्रकाराने ग्रंथालयाच्या भिंतींवर आफ्रिकेपासून गुलामीपर्यंत व गुलामीपासून मुक्तीपर्यंतचा आपल्या लोकांचा इतिहास रंगवला. बाहेर शहरात काळ्यांच्या शाळाही वेगळ्या होत्या. आत मात्र पुस्तकातून मान वर करणाऱ्या काळ्या विद्यार्थ्याला आपलेच पूर्वज दिसत. डग्लसच्या सपाट छायाकृतींचे नाकडोळे ठळक नाहीत. तरीही त्या कुणाची दया मागत नाहीत. पुढे १९६६ पर्यंत तो तेथेच चित्रकला शिकवीत राहिला.

आपली कविता आधी बोलली, कारण तिला वहीचा एक कागद पुरला. चित्राला कॅनव्हास लागतो, रंग लागतात, भिंत लागते. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यातले मडके आणि झाडू चित्रात आणले, तेव्हा कुठे आपला भूतकाळ रंगांत उतरू लागला.

आज आपल्याही संस्थांना भिंती आहेत. त्यांवर तसबिरी आहेत, तसबिरींना हार आहेत. इतिहास अजून रंगवायचा आहे.