वैद्यकीय इच्छापत्राचे जतन आणि उपलब्धता : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
सन्मानाने मरण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात दिला. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नाकारण्याची इच्छा आधीच लिहून ठेवण्यास त्यामुळे मान्यता मिळाली. हे इच्छापत्र प्रसंगी डॉक्टरांच्या हाती कसे पडावे, या अंगाने प्रस्तुत टिपणात या व्यवस्थेची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
२०१८ च्या निर्णयानुसार इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आवश्यक होती. सामान्य माणसाला ही वाट दुर्गम होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष केलेले इच्छापत्र नोटरीने अथवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केले की पुरते. त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमावयाच्या अभिरक्षकाकडे राहते. डिजिटल आरोग्य नोंदीत ते समाविष्ट करणे ऐच्छिक आहे.

इच्छापत्र करणे सोपे झाले. ते वेळेवर सापडणे मात्र सोपे झालेले नाही. या रचनेमागे मृत्युपत्राची कल्पना असावी, असे दिसते. मृत्युपत्र माणसाच्या पश्चात सवडीने उघडले जाते. तोवर ते कपाटात राहिले तरी बिघडत नाही. वैद्यकीय इच्छापत्राची गरज मात्र माणूस जिवंत, पण बोलण्यास असमर्थ असताना पडते. साताऱ्यात प्रत ठेवणारी व्यक्ती मध्यरात्री पुण्यातील अतिदक्षता विभागात दाखल झाली, तर अभिरक्षकाचे कार्यालय उघडण्यापूर्वीच तिला व्हेंटिलेटर लागलेला असेल. इच्छापत्राच्या अंमलबजावणीसाठी दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. परंतु असे इच्छापत्र आहे, हेच कोणास ठाऊक नसेल तर मंडळांनी विचार तरी कशाचा करावा? डेन्मार्कने १९९२ मध्येच यासाठी केंद्रीय नोंदवही सुरू केली होती.

प्रत नातेवाइकांना व कुटुंबाच्या डॉक्टरांना द्यावी, असे न्यायालय सांगते. पण आपल्या घरांत मरणाची भाषा अशुभ मानली जाते, आणि हा कागद विम्याच्या कागदांसोबत कुलूपबंद होतो.

समारोप :
इच्छापत्रातील मजकूर खाजगी राहिला पाहिजे, हे निर्विवाद. तथापि ते अस्तित्वात आहे आणि कोणाकडे आहे, एवढीच नोंद कोणत्याही रुग्णालयास कोणत्याही वेळी पाहता आली, तर गोपनीयता व उपयुक्तता दोन्ही साधतील. अन्यथा न्यायालयाने दिलेला अधिकार दप्तरातच राहील.