बोलक्या बाहुल्यांचा बाजार

पुस्तकाचे परीक्षण करावे, नाटकाचे करावे, फार तर चित्रपटाचेही करावे. परंतु दुकानात टांगलेल्या बाहुल्याचे परीक्षण कोणी करतो काय, असे वाचक विचारतील. माझे उत्तर असे की, जी वस्तू मूल उशाशी घेऊन निजते, तिचे गुणदोष पारखण्यात वावगे काहीच नाही. दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या आईबापांना तर ते उपयोगीच पडावे. म्हणून यंदा एक प्रश्न विचाराला घेतला आहे. दूरचित्रवाणीवर मुलांना रिझवणारे इतके बाहुले होऊन गेले; त्यांतल्या कोणाची खेळणी बाजारात सर्वांत अधिक खपली, आणि का?

प्रथम परदेशाकडे पाहू, कारण हा धंदा रुजला तो तिकडेच. अमेरिकेत १९४७ साली 'हाउडी डूडी' नावाचा दोऱ्यांवर नाचणारा एक पोरगा पडद्यावर आला. मुले त्याच्यावर अशी लुब्ध झाली की त्याची बाहुली मागू लागली. मागणी आली तसा तंटाही आला. बाहुला घडवणारे फ्रँक पॅरिस आणि कार्यक्रमवाले यांच्यात, या खेळण्यांच्या पैशावर हक्क कोणाचा, यावरून १९४८ साली वाद झाला आणि पॅरिस आपला बाहुला उचलून चालते झाले. आता नायकावाचून खेळ कसा करावा? हाउडीच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, अशी थाप मुलांना मारण्यात आली आणि मग नवाच चेहरा पुढे आणला गेला. त्या चेहऱ्यावर ४८ तीळ होते. त्या काळी अमेरिकेची राज्येही ४८ होती. मुलांनी नवा चेहरा आनंदाने पत्करला. खेळण्यांच्या बाजाराचा पहिला धडा तो हाच: घडवणारा गेला तरी चालते, नाव टिकले म्हणजे झाले.

इंग्लंडातली कथा याहून साधी आणि गोड आहे. हॅरी कॉर्बेट नावाच्या गृहस्थांनी १९४८ साली ब्लॅकपूलच्या समुद्रधक्क्यावर साडेसात शिलिंगांना एक पिवळे अस्वल विकत घेतले. हातमोज्यासारखे हातात घालायचे, बोटांनी हलवायचे, इतकीच त्याची करामत. पुढे काळ्या-पांढऱ्या पडद्यावर उठून दिसावे म्हणून त्याचे कान आणि नाक काजळीने काळे केले, आणि त्यावरून त्याचे नाव पडले 'सूटी'. आपण त्याला काजळ्या म्हणू. हा काजळ्या प्रेक्षकांशी बोलत नाही. तो मालकाच्या कानात कुजबुजतो आणि मालक त्याचे म्हणणे सांगतो. त्याची जी खेळणी निघाली त्यांत हातात घालायचा बाहुला होता, म्हणजे मूळ वस्तूच जशीच्या तशी मुलाच्या हाती आली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

परंतु खपाच्या शर्यतीत या दोघांनाही मागे टाकील असा गडी म्हणजे 'एल्मो'. 'सेसमी स्ट्रीट' हा कार्यक्रम अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाला. त्याच्या गल्लीत थोराड पिवळा पक्षी आहे, बिस्किटांवर तुटून पडणारा राक्षस आहे, कचऱ्याच्या डब्यात राहणारा तिरसट प्राणी आहे. पाहुणा म्हणून येणारा कर्मिट बेडूक तर कार्यक्रमाहूनही जुना. १९५५ साली जिम हेन्सन यांनी आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि टेबलटेनिसच्या चेंडूची दोन अर्धुके घेऊन तो केला होता. अशा जाणत्या मंडळींत साडेतीन वर्षांचा, लाल केसाळ एल्मो मागाहून पुढे आला आणि १९९६ च्या नाताळात त्याने सर्वांवर कडी केली. पोटाला गुदगुल्या केल्या की खदखदा हसणारा आणि थरथरणारा एल्मो तेव्हा सुमारे २९ डॉलरांना मिळे. वर्ष संपेपर्यंत असे दहा लाखांहून अधिक एल्मो खपले. दुकानांतून आईबापांची अक्षरशः झोंबाझोंबी झाली.

आता कारणमीमांसा. एल्मोत असे काय आहे? एक रंग, एक भाव, एक वय. त्याचा स्वभाव समजून घ्यायला गोष्ट ठाऊक असावी लागत नाही. तिरसट प्राण्याची गंमत कळायला थोडी समज लागते, कर्मिटचा थकलेला समजूतदारपणा तर मोठ्यांनाच अधिक कळतो. ज्याचा स्वभाव एका कळीत मावतो त्याचे खेळणे चांगले होते, असा हा बाजाराचा दुसरा धडा. एल्मोला खेळण्यासाठी मुलाचीही फारशी गरज नाही. कळ दाबली की तो आपला आपण हसतो.

या विक्रीला सरसकट नावे ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. 'सेसमी स्ट्रीट' चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही. खेळण्यांच्या हक्कांतून येणारा पैसा मुलांना अक्षरे-आकडे शिकवण्याच्या कामी लागतो. त्याच संस्थेच्या साहाय्याने २००६ साली आपल्याकडे 'गली गली सिम सिम' आले, आणि शाळेच्या गणवेशातली चमकी व नाचरा सिंह बूंबा घरोघरी दिसले.

आता आपल्या घरी येऊ. मराठीत बोलका बाहुला म्हटले की पहिले नाव अर्धवटरावाचे. यशवंत केशव पाध्ये यांनी त्याला रंगभूमीवर आणले, त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी त्याला दूरदर्शनवर घराघरांत पोचवले, आणि आता नातू सत्यजितही त्याच कलेत आहेत. तीन पिढ्यांचे असे आयुष्य किती बाहुल्यांना लाभले? आणि तरीही आमच्या दिग्रसच्या बाजारात दुकानागणिक हिंडलो, तर दप्तरांवर छोटा भीम सापडला, डब्यांवर मोटू-पतलू सापडले. अर्धवटराव कुठेच सापडला नाही.

याचे कारण त्याच्या गुणातच आहे. छोटा भीम हे चित्र आहे. चित्र दप्तरावर छापले तरी चित्रच राहते, त्याचे काही उणे होत नाही. अर्धवटरावाचे सारे सत्त्व त्याच्या जिभेत. तो मालकाला उलट बोलतो, पाहुण्याची फिरकी घेतो, मोठ्यांची लबाडी चारचौघांत उघडी पाडतो. शब्दभ्रमकाराचा हात आणि आवाज काढून घेतला की उरते ते लाकूड. शिवाय तो मूल नव्हे, 'राव' आहे, आवडाबाईंचा संसारी नवरा आहे. त्याला पाहताना आजोबा हसतात म्हणून नातू हसतो. कळीत मावणारा हा स्वभाव नाही.

रामदास पाध्ये यांच्याच दुसऱ्या दोन बाहुल्यांची गत पाहा. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा एका पिढीला तोंडपाठ आहे. सात बायकांनी १९५९ साली मुंबईत ८० रुपये उसने घेऊन मांडलेला तो उद्योग; सशाने त्याचे पापड घरोघरी नेले. म्हणजे तिकडे बाहुला विकला गेला, आपल्याकडे बाहुल्याने पापड विकले! दुसरा तात्या विंचू. जन्माने तो चित्रपटातला, महेश कोठारे यांच्या १९९३ च्या 'झपाटलेला'तला. परंतु दूरचित्रवाणीवर तो इतक्यांदा दिसला की माझ्या वर्गातली पोरे अर्धवटरावाआधी त्यालाच ओळखतात. ओळखतात खरी, पण तात्या विंचूला उशाशी घेऊन निजणारे पोर अजून जन्माला यायचे आहे.

तेव्हा खपाचा निकाल असा लागला: पहिला एल्मो, आणि आपला अर्धवटराव यादीच्या शेवटालाही नाही. मला हा निकाल मान्य आहे. त्याचा अर्थ मात्र मान्य नाही. खप हे खेळण्याच्या विक्रीचे माप झाले. खेळण्याच्या गुणाचे माप निराळे असले पाहिजे, आणि ते मी असे मानतो: खेळण्यात मुलाच्या हाताला जागा किती? या मापाने काजळ्या अस्वल एल्मोच्या कितीतरी वर जाते. त्याच्या पोटात पोकळी आहे, आणि ती मुलाच्या हाताने भरायची आहे.

हे माप मी परदेशातून आणलेले नाही. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरे लाकडाचा नंदी सजवून, चाकांवर ओढत घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. तो नंदी हसत नाही, हंबरत नाही. त्याची झूल आईच्या जुन्या लुगड्याची, शिंगांचा रंग पोराच्या पसंतीचा. त्याच्या चेहऱ्यावर कोणा कंपनीचा हक्क नाही. कोणताही सुतार तो घडवू शकतो, आणि त्यावरून कोणी कोणाशी भांडत नाही. पोराने ओढला तरच तो चालतो, म्हणून तो पोराचा असतो.

बाहुल्याला तर ओढण्याहून मोठे काम देता येते. आमच्याकडची मुले घरी वऱ्हाडी बोलतात आणि शाळेत पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसतात. चूक होईल, हसतील, ही धास्ती. अशा मुलांच्या हाती मी जुन्या पायमोज्यांचे बाहुले दिले. एरवी मान वर न करणारी एक मुलगी फळ्यावरचे गणित विचारताच बाहुला पुढे करून म्हणाली, "गुरुजी, मले नाही येत, ह्याले इचारा." मी बाहुल्याला विचारले. बाहुल्याने बरोबर उत्तर दिले, आणि वर मलाच सुनावले, "एवढं सोपं काऊन इचारता जी?" अर्धवटराव याहून निराळे काय करतो? भित्र्याच्या मनातले तो धीटपणे बोलतो. ही कला विकत घेता येत नाही. हातात मात्र घालता येते.

उद्या कोणी अर्धवटरावाचे खेळणे काढलेच, तर त्यात कळ घालू नये, ध्वनिमुद्रित विनोदही भरू नयेत. तोंड उघडणारे असावे, मागे हाताला जागा असावी, आणि आवाज ज्याच्या घरी जाईल त्या पोराचा असावा. दिग्रसला वऱ्हाडी, मालवणला मालवणी. असे खेळणे दहा लाख खपणार नाही. आणि तोवर, वाचकहो, घरातला एक जुना पायमोजा दिवाळीच्या साफसफाईत फेकू नका. त्याला दोन बटणांचे डोळे लावा आणि पोरांच्या स्वाधीन करा. तो काय बोलतो ते मात्र मोठ्या माणसांनी कान देऊन ऐकावे. त्यात थोडे आपल्याविषयीही असते.