‘उदासीन’ अमेरिकी मतदार : एका शब्दाची झडती

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक आली, की आपल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास वाचायला मिळते : जगातल्या एवढ्या जुन्या लोकशाहीत निम्मे लोक मतदानालाच जात नाहीत. पाठोपाठ ‘उदासीनता’ हा शब्द येतो आणि लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळतो. ही समजूत आपल्याकडे जन्मलेली नाही. ती अमेरिकी अभ्यासकांच्या ग्रंथांतून झिरपत आली आहे. मत न देणाऱ्यांवर तिथे गेली शंभर वर्षे लिहिले जात आहे. त्यातले मोजके ग्रंथ ओळीने वाचले, तर मत न देणाऱ्याविषयी थोडेफार कळते; त्याला उदासीन ठरवणाऱ्यांविषयी मात्र पुष्कळ कळते.

सुरुवात शिकागोपासून करावी लागते. चार्ल्स मेरियम आणि हॅरॉल्ड गॉस्नेल यांचा ‘नॉन-व्होटिंग’ हा ग्रंथ १९२४ साली निघाला. शिकागोच्या १९२३ च्या महापौर-निवडणुकीत मत न दिलेल्या सुमारे सहा हजार माणसांना गाठून त्यांनी कारणे विचारली आणि उत्तरांची वर्गवारी केली. आजारपण, परगावी असणे, मजुरी बुडण्याची धास्ती, राजकारणाचा उबग, ‘एका मताने काय होणार’ ही भावना. एवढेच नव्हे, तर बायकांनी मत देणेच पटत नाही, असाही एक रकाना त्यात आहे. या रकान्यांमध्ये त्या काळचे शिकागो जितके दिसते, तितके अनेक कादंबऱ्यांतही दिसत नसेल. अडचण आहे ती उपशीर्षकात : ‘कारणे आणि नियंत्रणाचे उपाय’. जणू हिवतापाच्या साथीवरचा अहवाल! रोग मतदाराच्या अंगात आहे आणि औषध अभ्यासकाच्या पेटीत, हे इथे गृहीतच धरलेले आहे.

गॉस्नेल यांचे पुढचे काम अधिक धीट आहे. १९२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी त्यांनी शिकागोतील काही हजार नागरिकांचे दोन भाग पाडले. एका भागाला नोंदणी करा, मत द्या, असे सांगणारी पक्षनिरपेक्ष पत्रे धाडली, दुसऱ्याला धाडली नाहीत. काही पत्रे पोलिश, चेक आणि इटालियन भाषांतही होती. पत्र मिळालेल्यांत नोंदणीचे प्रमाण वाढले. १९२७ च्या ‘गेटिंग आउट द व्होट’ या पुस्तकात हा प्रयोग सविस्तर आला आहे. माणसाला त्याच्या भाषेत कोणी विचारले तर तो येतो, असा त्याचा साधा अर्थ. मग आधी जी होती ती उदासीनता होती, की कोणी विचारलेच नव्हते? गॉस्नेल या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत येतात आणि थांबतात.

त्याच १९२४ साली साउथ कॅरोलायना राज्यात अध्यक्षपदासाठी किती मते पडली? सुमारे ५० हजार. राज्याची लोकसंख्या १७ लाखांच्या घरात होती. याला उदासीनता म्हणायचे का? दक्षिणेतील राज्यांनी १८९० नंतर मतकर, साक्षरतेच्या परीक्षा आणि नोंदणीच्या जाचक अटी घालून कृष्णवर्णीयांना, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ गरीब गोऱ्यांनाही, यादीतून हुसकून लावले होते. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२. आठ वर्षांत एखाद्या समाजाचा राजकारणातला रस इतका आटत नाही. उलट बाजूने पाहा. १९६५ चा मताधिकार कायदा झाला आणि मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या नोंदणीचे प्रमाण ६.७ टक्क्यांवरून दोन वर्षांत ६० टक्क्यांच्या जवळ गेले. माणसे तीच होती.

हे डोळ्यांपुढे ठेवून १९५४ चा ‘व्होटिंग’ हा ग्रंथ वाचावा. बेरेलसन, लाझर्सफेल्ड आणि मॅकफी यांनी न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहान शहरात १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा अभ्यास केला. पाहणी म्हणून ती आजही नमुनेदार आहे. पण शेवटाकडे लेखक सिद्धान्ताकडे वळतात आणि सुचवतात, की काही लोकांची उदासीनता व्यवस्थेला उपकारकच असते. सगळेच तावातावाने उतरले तर तडजोडीला जागा उरत नाही. हा विचार टाकाऊ नाही. मात्र बहुतांश गोऱ्या वस्तीच्या एका शहरावरून तो लोकशाहीमात्राला लावताना, देशाच्या दक्षिणेत बंदोबस्ताने घडवलेली ‘उदासीनता’ हिशेबात कुठे बसते, याचा विचार तिथे होत नाही. ती कोणाला उपकारक होती, हे सांगायला नको.

या परंपरेला पहिला खणखणीत छेद दिला तो ई. ई. शॅटश्नायडर यांनी. १९६० च्या ‘द सेमिसॉव्हरिन पीपल’ या छोटेखानी पुस्तकात त्यांनी सुमारे चार कोटी मत न देणाऱ्यांचा प्रश्न उलटा मांडला. राजकारणात कोणते भांडण मांडायचे आणि कोणते दाबायचे हे जो ठरवतो, तोच मैदानात कोण उतरणार हेही ठरवतो. ज्यांच्या गरजांचे भांडण मांडलेच जात नाही, ती माणसे बाहेर राहतात. मला हे पुस्तक या साऱ्या यादीत सर्वांत तरतरीत वाटते. पोथीपंडिताने नव्हे, तर राजकारण जवळून पाहिलेल्या माणसाने लिहिल्यासारखे ते आहे. अँथनी डाउन्स यांनी तीन वर्षे आधी मांडलेले ‘एका मताचा नफा-तोटा’ हे गणित त्यापुढे फार कोरडे वाटते. त्या गणिताप्रमाणे कोणीच मत द्यायला नको. प्रत्यक्षात कोट्यवधी लोक देतात.

आता ‘निम्मे लोक’ या आकड्याकडे येऊ. मतदानाची टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. वर पडलेली मते असतात. खाली काय असते, हे फार थोडे वाचक विचारतात. अमेरिकेत दीर्घकाळ खाली अठरा वर्षांवरील एकूण लोकसंख्या धरली जात होती. तिच्यात नागरिक नसलेले आले, आणि शिक्षा झाल्यामुळे मताधिकार गमावलेलेही आले. मायकेल मॅकडॉनल्ड आणि सॅम्युअल पॉपकिन यांनी २००१ साली हा छेद दुरुस्त करून मांडला : मताचा हक्क असलेलेच खाली धरा. तसे करताच १९७२ नंतर मतदान सतत घसरत चालल्याचा बोलबाला बराचसा विरला. घसरत होता तो उत्साह नव्हता. फुगत होता छेद.

इथे मराठी माणूसही त्या आकड्यात सापडतो. एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत पंधरा वर्षे राहिलेला, ग्रीन कार्डाच्या रांगेत ताटकळणारा पुण्याचा अभियंता जुन्या पद्धतीत मत न देणाऱ्या अमेरिकनांतच धरला जात होता! (१९२३ साली, मेरियम-गॉस्नेल यांची माणसे शिकागोत फिरत होती त्याच वर्षी, भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्वच मिळू शकत नाही असा निकाल दिला होता. ते दार १९४६ साली उघडले.)

आपल्याशी तुलना करताना तर हा छेद विसरून चालतच नाही. भारतात टक्केवारी मतदारयादीतील नावांवर काढतात आणि ती यादी करणे हे सरकारचे काम असते. स्वातंत्र्य मिळताच प्रौढ मताधिकाराच्या याद्यांचे काम आपल्या प्रशासनाने हाती घेतले आणि पहिल्या निवडणुकीला १७ कोटींहून अधिक नावे यादीत होती. अमेरिकेत बहुतेक राज्यांत नाव नोंदवणे हे नागरिकाचे काम मानले गेले. तिथल्या जनगणना खात्याच्या २०२० च्या पाहणीत नोंदलेल्या मतदारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिल्याचे सांगितले. आपल्याकडे २०२४ मध्ये नोंदलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्क्यांनी दिले. उदासीन कोण?

नोंदणी हीच खरी अडचण, हे सर्वांत ठामपणे सांगितले फ्रान्सिस फॉक्स पिव्हन आणि रिचर्ड क्लोवर्ड यांनी, १९८८ च्या ‘व्हाय अमेरिकन्स डोन्ट व्होट’मध्ये. ते नुसते लिहून थांबले नाहीत. संघटना काढून त्यांनी दहा वर्षे खटपट केली आणि १९९३ साली वाहन परवाना किंवा सरकारी मदत घेतानाच नाव नोंदवण्याची सोय करणारा कायदा झाला. पुस्तकामुळे कायदा व्हावा, असे भाग्य किती अभ्यासकांना लाभते? पण १९९६ साली मतदान १९२४ नंतरच्या नीचांकावर गेले. २००० सालच्या नव्या आवृत्तीच्या नावात ‘स्टिल’ हा शब्द घालावा लागला : अमेरिकन अजूनही का मत देत नाहीत.

त्यांच्या मांडणीतला दुसरा कच्चा दुवा अधिक गंभीर आहे. बाहेर राहिलेले लोक गरीब आहेत, तेव्हा ते आत आले की राजकारण गरिबांच्या बाजूने झुकेल, असे त्यांना वाटत होते. २०२४ मध्ये हक्क असून मत न दिलेले सुमारे नऊ कोटी होते. ट्रम्प यांना मिळालेल्या ७.७ कोटी आणि हॅरिस यांच्या ७.५ कोटी मतांहून अधिक. प्यू रिसर्च सेंटरने त्यांना विचारले तेव्हा ४४ टक्क्यांनी ट्रम्प यांना आणि ४० टक्क्यांनी हॅरिस यांना मत दिले असते असे सांगितले. मत न देणारा आपलाच छुपा अनुयायी आहे, हा डाव्यांचा भ्रम मेरियम यांच्या रोगनिदानाइतकाच परका आहे. दोघांनीही त्याच्या वतीने बोलायचे ठरवलेले होते.

तरीही पिव्हन-क्लोवर्ड यांना मोडीत काढता येत नाही. २०२० साली हक्कदारांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांनी मत दिले, १९०० नंतरचे सर्वाधिक. त्यात मिनेसोटा ८० टक्क्यांवर होते आणि ओक्लाहोमा ५५ वर. मिनेसोटात १९७० च्या दशकापासून मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नाव नोंदवता येते. ओक्लाहोमात नोंदणीची मुदत काही आठवडे आधीच संपते. पण ही केवळ नोंदणीची कथा नाही, शॅटश्नायडरही इथे हवेतच. ओक्लाहोमातील सर्वच्या सर्व ७७ परगणे २००४ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाकडे गेले आहेत. राज्याची सातही इलेक्टोरल मते ज्याला एक मत जास्त त्याला एकगठ्ठा मिळतात. मेरियम-गॉस्नेल यांच्या पाहणीदाराने आज तिथल्या मत न दिलेल्या एखाद्या डेमोक्रॅटाचे किंवा रिपब्लिकनाचे दार ठोठावले, आणि त्याने ‘एका मताने काय होणार’ असे उत्तर दिले, तर ते लिहायला १९२४ चा रकाना तयार आहे. पण त्या उत्तराची नोंद ‘उदासीनता’ या सदराखाली करण्यापूर्वी पाहणीदाराला आधी ती सात मते मोजून पाहावी लागतील.