चारणारे आणि चरणारे : यिर्मयाच्या एका वचनाचा अर्थ

गुरुदीक्षेच्या निमंत्रणपत्रिका दरवर्षी आमच्या टेबलावर येतात. त्यांतील एखाद्या तरी पत्रिकेवर यिर्मया संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायातील पंधरावे वचन छापलेले असते. परमेश्वर आपल्या लोकांना स्वतःच्या मनाजोगे मेंढपाळ देणार आहे आणि ते त्यांना ज्ञानाने व शहाणपणाने चारणार आहेत, असा त्या वचनाचा आशय. पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या स्वतःच्या पत्रिकेवरही तेच वचन होते. त्या वेळी ते वाचून आमची मान थोडी ताठ झाली होती, हे आज कबूल करावयास हरकत नाही. परमेश्वराने दिलेला मेंढपाळ म्हणजे आम्ही, असा सरळ अर्थ आम्ही लावला होता. तो अर्थ कितपत टिकतो, हे तपासून पाहण्यासाठी हा लेख.

प्रथम संदर्भ पाहू. इस्राएलचे उत्तरेकडील राज्य इ. स. पूर्व ७२१ च्या सुमारास अश्शूरी सत्तेपुढे कोसळले आणि तेथील लोक देशोधडीला लागले. योशिया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ६२७ च्या सुमारास, यिर्मयाला पाचारण झाले. तिसऱ्या अध्यायात तो या विखुरलेल्या लोकांना परत येण्याची हाक देतो. चौदाव्या वचनात एका नगरातून एक, एका कुळातून दोन अशी माणसे गोळा करण्याची भाषा आहे. म्हणजे पंधराव्या वचनातील आश्वासन भरल्या घरातील, सुस्थित समाजाला दिलेले नाही. ज्यांचे घर गेले, गाव गेले, त्या उरल्यासुरल्यांना ते दिलेले आहे. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

आता शब्द. मराठीत आपण 'मेंढपाळ' म्हणतो. या शब्दात मेंढी आहे आणि पाळणे आहे. 'गुराखी' म्हटले तर त्यात गुरे आहेत आणि राखणे आहे. मूळ हिब्रू शब्द 'रोए'. त्यात मेंढीही नाही, पाळणेही नाही आणि राखणेही नाही. 'राआ' म्हणजे चरणे, चारणे. त्यापासून 'रोए', म्हणजे चारणारा. यिर्मयाने या वचनात नाम आणि क्रियापद एकाच धातूपासून घेतले आहे. चारणारे देईन, ते चारतील, अशी ती रचना आहे. पाळण्यात मालकी येते, राखण्यात काठी येते. चारण्यात मात्र दुसऱ्याच्या पोटाची काळजी तेवढी येते. नेत्याची ओळख तो कोणाचा मालक आहे यावरून होत नाही. त्याच्या मागून चालणाऱ्यांच्या पोटात काय पडले, यावरून होते.

दुसरा शब्द 'लेव'. त्याचा अर्थ हृदय. परंतु हृदय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माया आणि जिव्हाळा उभा राहतो. हिब्रू माणूस हृदयाने प्रेम करतो, तसाच विचारही करतो आणि निश्चयही करतो. त्यामुळे मराठी 'मन' त्याला अधिक जवळचे. तरीही 'मनासारखा' म्हणताना जपावे लागते. मनासारखा जावई म्हणजे आपल्याला आवडलेला जावई. तेवढ्याने यिर्मयाचा अर्थ भरत नाही. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात, शौलाच्या जागी येणाऱ्या दाविदासंबंधी जवळजवळ हीच शब्दयोजना आली आहे. तेथे काही अभ्यासक 'परमेश्वराने स्वतःच्या मर्जीने निवडलेला' असा अर्थ घेतात, तर काही 'परमेश्वरासारखे मन असलेला' असा घेतात. आमच्या मते दोन्ही अर्थ एकमेकांना लागून आहेत. पहिला नेतृत्वाचा उगम सांगतो, दुसरा त्याची कसोटी. उगम देवाकडे आहे म्हणून कसोटी माफ होत नाही. ज्याच्याविषयी हे शब्द प्रथम उच्चारले गेले, त्या दाविदालाही नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगून आरोपीच्या जागी उभे केलेच.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो चारा. 'देआ' आणि 'हास्केल' हे ते दोन शब्द. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात दुसऱ्या शब्दाच्या जागी शिकवण या अर्थाचा शब्द आला, आणि मेंढपाळ म्हणजे धर्मशिक्षण देणारा ही समजूत आपल्याकडे पक्की झाली. धर्मशिक्षणाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. त्यातच आमचे आयुष्य गेले आहे. परंतु यिर्मयाचे शब्द यिर्मयाकडूनच समजून घेतले पाहिजेत. बाविसाव्या अध्यायात तो योशिया राजाचे स्मरण करतो. त्या राजाने दीनदुबळ्यांना न्याय दिला, आणि मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय, असे परमेश्वर विचारतो. 'ओळखणे' आणि 'देआ' यांचा धातू एकच. दहाव्या अध्यायात मेंढपाळ निर्बुद्ध ठरले, त्यांनी परमेश्वराला विचारले नाही, म्हणून कळप पांगला असे म्हटले आहे. तेथे त्यांना जे साधले नाही, ते सांगणारे क्रियापद 'हास्केल'च्याच धातूचे आहे. तेविसाव्या अध्यायात येणाऱ्या नीतिमान राजाच्या ठायी तोच गुण पुन्हा दिसतो. तेव्हा हा चारा पाठांतराचा नव्हे. गरिबाची बाजू ओळखणारे ज्ञान आणि ते प्रत्यक्षात उतरवणारे शहाणपण, असा तो आहे.

आणि हे चारणारे कोण? दुसऱ्या अध्यायाच्या आठव्या वचनात यिर्मया याजक, नियमशास्त्र हाताळणारे, मेंढपाळ आणि संदेष्टे अशी चौघांची वेगवेगळी नावे घेतो. तेथे मेंढपाळ म्हणजे याजक नव्हेत, तर राज्यकर्ते. आमच्या निमंत्रणपत्रिकेला हा धक्काच होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या धर्माचार्यांच्या सिनडनंतर, २५ मार्च १९९२ रोजी, धर्मगुरूंच्या घडणीविषयीच्या आपल्या पत्राला याच वचनातील शब्दांनी नाव दिले, आणि उत्तम मेंढपाळ असलेल्या ख्रिस्ताच्या प्रकाशात हे वचन वाचण्याची ख्रिस्तसभेची परंपरा रास्तच आहे. पण हे वचन केवळ धर्मगुरूंचे, असे म्हणणे मात्र यिर्मयावर अन्याय करणारे आहे. सरपंच, शिक्षक, सोसायटीचा अध्यक्ष, कुटुंबप्रमुख हे सर्व त्याच्या कक्षेत येतात. बाप्तिस्म्याने प्रत्येक भाविक ख्रिस्ताच्या राजपणाचा वाटेकरी होतो, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण आपण ऐकली आहेच.

हा अर्थ आम्हांला पुस्तकातून कळला होता; तो डोळ्यांना दिसला डिंभ्याला. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी ते एक. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते जुने आंबेगावच त्याच्या पाण्याखाली गेले. पाणी कालव्यांनी खाली गेले, खालच्या शिवारात ऊस आला. वरच्या खोऱ्यातील महादेव कोळी कुटुंबांची भातखाचरे मात्र बुडाली. काही जण पुनर्वसनाच्या जागी गेले, कित्येक जण वरच्या उतारावरच राहिले. एका गावातून एक, एका कुळातून दोन, ही यिर्मयाची मोजणी जलाशयाच्या काठावर उभे राहिल्यावर निराळीच ऐकू येते.

या खोऱ्यात कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी 'शाश्वत' या संस्थेच्या द्वारे आदिवासींबरोबर दीर्घकाळ काम केले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर लोकांनी पिके घेतली. डोंगरउतारावर एकमेकांच्या श्रमाने भातखाचरे घडवण्याची 'पडकई' ही जुनी रीत रोजगार हमीच्या कामात बसावी म्हणून खटपट झाली. शेती करणारे हात जाळे टाकावयास शिकले, त्यांची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली आणि ज्या पाण्याने त्यांची घरे घेतली, त्याच पाण्यातील मासळीवर त्यांनी आपला हक्क मिळवला.

यात नेता कोण आणि अनुयायी कोण, असे विचारले तर चटकन उत्तर देता येत नाही. बाहेरून आलेल्यांनी सोबत केली, पण पडकईचे शहाणपण मुळात तेथील लोकांचेच होते. हाच तर 'हास्केल' नव्हे काय? येथे कोणी आक्षेप घेईल की ही माणसे आपल्या धर्माची नव्हेत. मग त्यांना यिर्मयाचे वचन कसे लागू करता? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. त्यांच्या कार्यावर आपल्या धर्माचा शिक्का मारण्याचा अधिकार आम्हांला नाही, आणि तशी इच्छाही नाही. परंतु यशया संदेष्ट्याच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर इस्राएलचा देव न जाणणाऱ्या कोरेश या पारसी राजाला 'माझा मेंढपाळ' म्हणतो, कारण त्याच्या हातून हद्दपार लोकांना घरची वाट मोकळी होणार होती. जे परमेश्वराला चालते, ते आपल्याला का चालू नये?

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात मेंढरे घेऊन फिरणारे धनगर पाहिले की आणखी एक गोष्ट कळते. कापणी झालेल्या रानात वाडा उतरतो, रात्री उसातल्या बिबट्याची धास्ती असते, आणि माणूस कळपाशेजारीच उघड्यावर अंग टाकतो. आमच्या पत्रिकेवरील चित्रात खांद्यावर कोकरू होते, हिरवे कुरण होते, बिबट्या नव्हता. यहेज्केल संदेष्ट्याने चौतिसाव्या अध्यायात स्वतःच चरणाऱ्या मेंढपाळांना खडसावले आहे. तो अध्याय कोणी निमंत्रणपत्रिकेवर छापल्याचे आम्ही अजून पाहिलेले नाही. खरे तर ही दोन्ही वचने शेजारी शेजारी छापावीत.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा की, यिर्मयाचे हे वचन कोणाच्याही हातातील अधिकारपत्र नव्हे. ते लोकांना दिलेले आश्वासन आहे, आणि म्हणून जाब विचारण्याचा हक्कही लोकांचाच आहे. वर्षाच्या शेवटी धर्मग्रामातील कुटुंबांनी आम्हांला जरूर विचारावे : फादर, या वर्षी तुम्ही आम्हांला काय चारलेत? आमच्यातील दुबळ्या घराची बाजू तुम्ही कितीदा घेतलीत? हाच प्रश्न त्यांनी आपापल्या पतपेढीत, पंचायतीत आणि घरात स्वतःलाही विचारावा. परमेश्वर नेता पाठवील म्हणून रस्त्याकडे डोळे लावून बसलेल्या धर्मग्रामात, कदाचित तो नेता शेवटच्या बाकावर केव्हाचा बसलेला असेल.

ती जुनी पत्रिका आम्ही अजून जपून ठेवली आहे. वचन तेच आहे. आता मात्र ते वाचताना मान ताठ होत नाही.