मरण कोणाचे?

१९५९ साली मराठीत दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या : वि. स. खांडेकरांची 'ययाति' आणि अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'. या सुट्टीत कॉलेजच्या ग्रंथालयातून दोन्ही आणल्या व लागोपाठ वाचल्या.

'ययाति'ला १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. तिच्यातील भोगवादाची चर्चा आम्ही मास्तर मंडळी वर्गात करीत आलो. माझे मन मात्र अलका या दासीकन्येपाशी अडले. ययातीशी जवळीक झाली म्हणून तिला विष दिले जाते. या मरणाचे पुढे काय होते? ययातीच्या आठवणीतला एक हळवा व्रण, एवढेच. मारली जाते दासी आणि सहानुभूती मागितली जाते राजासाठी!

'फकिरा'त राणोजी मांग आरंभीच मारला जातो. उरलेली कादंबरी त्या मरणाचा हिशेब मांडते. त्याचा मुलगा दुष्काळात धान्य लुटतो ते वस्ती जगावी म्हणून. ही कादंबरी मला आपली वाटते ती यामुळे.

पण आपली म्हणून तिला प्रश्न विचारायचा नाही काय? राणोजी मरतो तो जोगणी आणताना, गावाला जत्रा मिळावी म्हणून. ज्या गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाच्या मानासाठी! अण्णा भाऊ त्याचा पराक्रम रंगवतात. त्यामागची गुलामी उघडी करीत नाहीत. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेल्या पुस्तकाकडून ही अपेक्षा धरणे मी माझा हक्क समजतो.

विद्यार्थ्यांना मी दोन्ही पुस्तके देतो आणि सांगतो : कोण मेले व ते मरण कोणाच्या कामी आले, हे आधी शोधा. माप मात्र दोन्हीकडे एकच लावा.