सामाजिक उत्तरदायित्व आणि ग्रामसभा : एक चिकित्सा

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे अपेक्षित आहे. कार्यक्षेत्रालगतच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही कलम सांगते. तथापि निर्णय संचालक मंडळ व संचालकांच्याच समितीकडे राहतो. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेतील जनसुनावणी मंजुरीपूर्वीची असते. कलम १३५ खालील पुढील खर्चाशी तिचा थेट संबंध नाही. त्यामुळे खालापूरच्या कारखान्याचा निधी कडावसारख्या परिसरातील कातकरी-ठाकर वाड्यांपर्यंत पोहोचला, तरी वाडी लाभार्थीच ठरते, भागीदार नव्हे. बहुराष्ट्रीय कंपन्या ‘लोकसहभाग’ हा शब्द अहवालात वापरतात; परंतु ग्रामसभेच्या ठरावाशिवाय तो शब्द पोकळ ठरतो. म्हणून निधीपूर्वी ठराव बंधनकारक व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.